हापशाजवळच्या तीन हाका

दादा,

तुझ्या मातीला मी खोटं बोललो.

पेटी खाली उतरवायच्या आधी सगळे थांबले, मंडळीच्या पंचांनी माझ्याकडे बघितलं आणि मी घसा खाकरून सुरू झालो. "माझ्या मोठ्या भावाने माझं पाचारण ओळखलं आणि माझ्यासाठी आपली वाट सोडली," असं म्हणालो. आवाज नेमक्या जागी भरून आला. तीस-पस्तीस वर्षं उपदेश करून तयार झालेला आवाज आहे तो, कुठं दाटून यायचं ते त्याला मला न विचारता कळतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नंतर एका पंचांनी माझा हात हातात घेतला. "पाळकसाहेब, सख्ख्या भावाच्या दफनाला इतकं धीरानं बोलणं देवाच्या कृपेशिवाय जमत नाही." मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

चौदा दिवस झाले त्याला. आपल्यात दहावं नाही, तेरावं नाही, त्यामुळे हाताला काही काम नाही. म्हणून लिहायला बसलोय. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "मन्या, प्रस्तावना बास. मुद्द्यावर ये." येतो. चाळीस वर्षं टाळलंय, अजून एक पान टाळू दे.

तुझ्या मातीला विंझरच्या वरच्या अंगाच्या वाडीवरनं टेम्पो भरून माणसं आली होती. आपल्या भोरच्या मंडळीची घरं मोजून वीस-बावीस, त्यामुळे तेच जास्त दिसत होते. ख्रिस्ती माणसाची माती कशी असते हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. चपला कुठं काढायच्या, हात जोडायचे की बांधायचे, सगळे एकमेकांकडे बघत होते. आम्ही मूठ मूठ माती टाकली तशी त्यांनीही टाकली. मग सरूआजी पुढं आली. पदराखालून पाण्याची प्लास्टिकची बाटली काढली आणि मला म्हणाली, "पाळक, वाईच पाणी सोडू का मिस्त्रींवर? तेंनीच नीट केल्याल्या हापशाचं हाय, खालच्या वाडीच्या. आमचा अजून उघडा पडलाय."

मी पंचांकडे बघितलं. दादा, मी पाळक, तू माझा भाऊ, आणि एका म्हातारीला घोटभर पाणी ओतू द्यावं की नाही हे मी पंचांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "सोडा, आजी." तिने बाटली उपडी केली आणि रिकामी बाटली परत पदराखाली ठेवली. जाताना त्यांच्यातला एक जण सांगून गेला की मिस्त्रींची हत्यारांची पिशवी हापशाजवळच हाय, कुणी हात लावला न्हाई. तेवढं ऐकून मी पुढच्या माणसाशी बोलायला लागलो.

आता मुद्दा.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा शाळेत शिपाई, घंटा देणं हे त्यांचं काम, आणि घंटा सोडून त्यांच्या आयुष्यात दुसरं एकच होतं, प्रार्थना. घरात भाकरी तू थापायचास. तू बारावी झालेला, मी दहावी. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीसाठी मंडळी दरवर्षी एका घरातून एकाच मुलाची शिफारस करायची आणि त्या वर्षी ती तुझी होती, ह्याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. तू उपासनेला पहिल्या बाकावर बसायचास. आजाऱ्याच्या घरी कुणी न सांगता जायचास. अर्ज आणून बाबांनी कपाटात ठेवला होता, वर डांबराच्या गोळ्या.

मे महिन्याची सुट्टी म्हणून तू हापसा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जात होतास. त्या दिवशी मिस्त्री कुठल्याशा लग्नाला गेलेला आणि आपल्याच वस्तीवरचा हापसा बंद पडलेला. बायका घागरी घेऊन नदीला निघाल्या तसा तू म्हणालास, मी बघतो. मी पलीकडे आंब्याखाली पालथा पडलो होतो. माझ्यापुढं गायनपुस्तक उघडं होतं आणि गायनपुस्तकाच्या आत रहस्यकथा. खुनी कोण ते कळायला सहा पानं उरली होती.

"मन्या, ये रं, धर जरा!"

मी ऐकलं. पान उलटलं.

"मन्या! अरे क्लॅम्प धर येऊन, पाइप सुटतोय!"

दोन पानं उरली होती. मला वाटलं, एवढं संपवतो आणि उठतो. तिसरी हाक नुसत्या नावाची होती. मोठी होती. त्यानंतर तुझा आवाज आला तो हाक नव्हती.

पाइप घसरला होता आणि तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं क्लॅम्पखाली चेचली होती. बायका धावल्या, कुणीतरी बाबांना शाळेतून बोलावून आणलं, तुला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी बाबा घरी आले, दारातच उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "तू कुठं होतास? एवढं पोरगं कोकलत होतं, तुला ऐकू नाही आलं?"

बाबांनी आजवर माझ्या अंगाला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माझ्या हातात गायनपुस्तक होतं. मी म्हणालो, "ऐकू आलं बाबा. तीनदा कुणीतरी नावानं हाक मारली. मला वाटलं, देव बोलावतोय. मी तिथंच गुडघे टेकले."

कुठून आलं तोंडात? बाबांच्याच तोंडून आलं होतं. त्यांची आवडती गोष्ट होती ती, बायबलातली, मंदिरात निजलेल्या लहानग्याला देव नावानं हाक मारतो ती. आठवड्यातून एकदा तरी जेवताना आम्ही ती ऐकायचो. दुसऱ्या कुठल्या घरात पोरगा असली थाप मारता तर थोबाडीत बसून विषय संपला असता. आपल्या घरात बाबा मटकन खाली बसले आणि रडायला लागले. माझे पाय धरू की काय करू असं त्यांना झालं. "तुझ्या आईनं मागितलं होतं हे," एवढंच म्हणत राहिले. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं की बाबा, खोटं आहे. सांगणार होतो. ते रडायचे थांबले की सांगू म्हटलं. ते थांबले आणि उठून थेट पाळकांच्या घरी गेले.

रविवारी मला पुढं उभं केलं. मी साक्ष दिली. झाड, ऊन, तीन हाका. हापशाचा त्यात उल्लेख नव्हता. तू हाताला बँडेज बांधून पहिल्या बाकावर बसला होतास आणि माझ्याकडे बघत होतास. हाका तुझ्या होत्या, दादा. आवाज तुझा, गळा तुझा, आणि तुझ्याच समोर मी तो देवाच्या नावावर खपवत होतो.

त्याहून वाईट पुढं आहे. शिफारस माझी झाली आणि अर्ज तू भरलास. माझं अक्षर गिचमिड म्हणून बाबांनी तुलाच बसवलं. डावा हात मांडीवर, उजव्या हातात पेन. पाचारणाचा अनुभव थोडक्यात लिहा, असा एक रकाना होता. तू विचारलंस, "काय लिवू?" मी म्हणालो, "सगळ्यांना सांगितलं तेच." तू लिहायला लागलास आणि मध्येच थांबलास.

"किती हाका, मन्या?"

"तीन."

"तीनच ना?"

तू वर बघितलंस. मी बघितलं नाही. मग तू तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात 'तीन' लिहिलंस आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिलास. तुला कळलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. नंतर कधी मी मनाशी म्हणायचो की कदाचित नसेल कळलं, तर तीही एक थापच होती, फक्त ती मी स्वतःला मारत होतो.

मी सेमिनरीत गेलो. तू त्या मिस्त्रीच्या हाताखालीच राहिलास, पुढं पंचायत समितीत लागलास आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्या पायाखाली घातल्यास. लोक तुला शांतवन मिस्त्री म्हणायला लागले, आणि ज्यांना ते नाव जड जायचं ते शांतू मिस्त्री. पावसाळ्यात जिथं भाताच्या खाचरांतून चालता येत नाही तिथं एप्रिलात प्यायला पाणी नसतं, हे मला तू सांगायचास. मी मान डोलवायचो आणि त्याचा उपदेशात दृष्टांत करायचो. गावोगावी बदल्या होत नऊ वर्षांपूर्वी मी भोरला आलो, आपल्याच मंडळीचा पाळक म्हणून. तोवर तू शेवटच्या बाकावर गेला होतास. कपड्यांना ग्रीसचा वास येतो म्हणायचास.

मे महिन्यात आपल्याकडे समर्पणाचा रविवार असतो. ज्या मुलांना बोलावणं आलंय असं वाटतं ती पुढं येतात, पंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि त्याआधी पाळक स्वतःची साक्ष सांगतो. नऊ वर्षं मी ती इथं सांगितली. बाहेरगावी किती वेळा सांगितली ते मोजलंच नाही. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की आंब्याच्या मोहोराचा वाससुद्धा आला तीत. मे महिन्यात मोहोर! नऊ वर्षं तू शेवटच्या बाकावरून ती ऐकलीस, वाकड्या बोटांनी गायनपुस्तक धरून. एकदाही उठून बाहेर गेला नाहीस. मी असतो तर गेलो असतो.

वाद मात्र घालायचास. उपासनेनंतर अंगणात चहाचा कप घेऊन. मी सांगायचो की नोकरी वेगळी, पाचारण वेगळं. पोटासाठी माणूस काहीही करतो, पण देव ज्याला निवडतो त्याला वेगळा काढतो. तू ऐकून घ्यायचास.

"तुझ्याकडं देव नावानं बोलावतो," तू म्हणायचास. "मला वाडीवरनं फोन येतो, मिस्त्री, या. आता ह्यात देवाचा आवाज कंचा आन् सरूआजीचा कंचा, त्ये तू शिकल्याला हाईस, तू सांग."

"दादा, दोन्हीत फरक आहे."

"आसंल," म्हणून तू कप विसळायला जायचास. मला वाटायचं, वाद मी जिंकला.

आपल्या मंडळीतल्या ग्रेसीचं तुला आठवतं. गेल्या वर्षी समर्पणाच्या रविवारानंतर ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "मला नर्सिंगला जायचंय, पण मला तसा आवाज वगैरे काही आला नाही. मग जाऊ की नको?" मी तिला सांगितलं, "थांब. प्रार्थना कर. हाक येईल." पोरगी वर्षभर थांबली. माझ्या थापेपायी तिचं एक वर्ष गेलं. तू तिला अंगणात काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. "कुणी कण्हत असलं की तुला उठून जावंसं वाटतं का? वाटतं ना? मग आनखी कसली हाक पायजे?" मला राग आला होता. पाळकाच्या कामात तू ढवळाढवळ करतोस असं मी वहिनींना बोलून दाखवलं. हेही कबूल करून टाकतो.

आणि विंझरचा चहा. तो कसा विसरू?

तीन-चार वर्षांपूर्वी वेल्ह्याहून तुझ्या मोटारसायकलवर येत होतो. तुझं काम, माझी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. विंझरला टपरीवर थांबलो. तू बशीत चहा ओतलास आणि तसाच हातात धरून बसलास. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "मन्या, येक इचारू? खरं सांग. मला बोलावणं व्हतं का रं? का मला आपलं नुसतंच जावंसं वाटत व्हतं?"

सबंध आयुष्यात तू मला एवढं एकच विचारलंस. उत्तर माझ्याजवळ होतं. तुलाच होतं दादा, मला नव्हतं. चार-पाच शब्दांचं काम होतं. टपरीवर आपल्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, चहावालासुद्धा दूध आणायला गेला होता. मी म्हणालो, "देवाची योजना आपल्याला कळत नसते."

भावाला असं उत्तर देतात का? ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याला देतात. तू चहा प्यालास, बशी कपाखाली ठेवलीस, म्हणालास, "व्हय. चल, ऊन चढतंय." घरी येईपर्यंत तू हापशांबद्दलच बोलत होतास. मी तुझ्या पाठीमागं बसलो होतो म्हणून तुला माझं तोंड दिसत नव्हतं, याचं मला बरं वाटलं होतं.

शेवटचा फोनही असाच. निवृत्त झालास तरी वाड्या तुला सोडत नव्हत्या. "सरूआजीच्या वाडीवरचा बंद पडलाय," तू म्हणालास. "समितीचा माणूस चार दिस येत न्हाई. माझा जोडीदार गावाला गेलाय. येतोस का? काय करायचं न्हाई, नुसतं धरायचंय."

मी म्हणालो, "दादा, रविवार समर्पणाचा आहे. साक्षीची तयारी करायचीय."

तू हसलास. खोचून हसला असतास तर बरं झालं असतं. नेहमीसारखा हसलास. "व्हय की. तुझं त्ये असतंय नव्हं. कर तू. म्या बघतो."

तू एकटा गेलास. वाडीतल्या माणसांना धरायला लावून पाइप वर काढलेस, आतले वॉशर गेलेले निघाले, नवे आणतो सांगून पिशवी तिथंच ठेवून घरी आलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच कलंडलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. माझ्या न येण्यानं तू गेलास असं मी म्हणत नाही, तेवढं मोठेपण मला घ्यायचं नाही. मी आलो नाही, एवढंच.

मातीनंतर चौथ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आंबा, रहस्यकथा, तीन हाका. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लगीन झालं त्या वर्षीच सांगितलं व्हतं तेंनी. बोटं कशी वाकडी झाली म्हणून म्या इचारलं व्हतं."

"मग कधी काही बोलला नाहीत तुम्ही?"

"तेंनी शपथ घातली व्हती. म्हणायचे, हाक म्या मारली, पर ह्यो गेला भलत्याच मालकाकडं. जाऊ दे, मालक चांगला हाय." त्या हसल्या आणि मग रडल्या. सुपातले तांदूळ तसेच मांडीवर. "तुमाला इतकी वर्सं बघून म्हणायचे, पाणी आलं न्हवं? मंग पाइप कुठनं आणला त्ये कोण बघतंय!"

हे तुझं चांगुलपण, दादा. मी ते घेऊन गुपचूप घरी जाऊ शकलो असतो. सेमिनरीत शिकलेलं पुष्कळ काही त्याला जोडताही आलं असतं. देव माणसाच्या तोंडून बोलावतो, वाकड्या वाटेनं नेतो, थापेतूनही काम करून घेतो. हे सगळं खरं असेल. पण त्या गोष्टीतला लहानगा हाक ऐकल्यावर काय करतो ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं. देव बोलावतोय हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानं बोलावलं. आणि तो उठून धावत जातो. तिन्ही वेळा. माणसाची हाक समजून जातो तो. मी माणसाची हाक माणसाची म्हणूनच ओळखली, माझ्या भावाची म्हणून ओळखली, आणि पान उलटलं. तू म्हणालास भलत्याच मालकाकडं गेला. नाही दादा. मी कुणाकडेच गेलो नव्हतो. झाडाखालून हललोच नव्हतो.

तू गेलास म्हणून समर्पणाचा रविवार एक आठवडा पुढं ढकलला होता. मी उभा राहिलो. कागद नेला नव्हता. म्हणालो, "मला देवाने हाक मारली नव्हती. माझ्या भावाने मारली होती, हापसा धरायला. मी ऐकून गेलो नाही. त्यात त्याची बोटं चेचली. मार चुकवायला मी देवाचं नाव घेतलं, आणि ज्याला खरोखर जायचं होतं त्याची जागा घेतली."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल. मी त्यासाठी तयार होतो. त्या दिवशी मला ते हवंही होतं. एक पंच उठले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "पाळकसाहेबांचं दुःख मोठं आहे. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू." आणि सगळ्या मंडळीने डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली! मी डोळे उघडे ठेवून उभा. चहाच्या वेळी एकाने मला रक्तदाब तपासून घ्या म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, असा नम्र पाळक मिळायला भाग्य लागतं. सोळा वर्षांच्या पोराची थाप ह्याच मंडळीने एका दमात गिळली होती, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचं खरं त्यांच्या घशाखाली उतरेना. दोष त्यांचा नाही. खरं बोलताना माझा आवाज कसा लागतो ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

एकट्या ग्रेसीने ऐकलं. फाटकापाशी थांबली होती. "म्हणजे आवाज यावाच लागतो असं नाही ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही. शांतवनकाका बरोबर होते. मी चुकलो. जा तू." ती गेली, वळून बघितलंसुद्धा नाही. मला ते बरं वाटलं. वरिष्ठांना मी सगळं लिहून पत्र पाठवलंय. ठेवायचं की काढायचं ते ते ठरवतील.

काल तुझी पिशवी आणायला वाडीवर गेलो. विंझरपर्यंत एसटी, तिथून चढण. समितीने अखेर माणूस पाठवला होता, संतोष. तुझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने नवे वॉशर बसवून पाइप परत खाली सोडायला घेतले होते. मला बघून सरूआजी लगबगीनं आली, आंब्याखाली घोंगडी टाकली. "पाळक, तुमी बसा सावलीला. पिशवी देती काढून." मी बसलो. चाळीस वर्षांत कुठल्याही गावात गेलो की मला असंच सावलीत बसवतात आणि मी बसतो.

वाडीतला जो माणूस धरायला होता त्याला घरून कुणी बोलावलं म्हणून तो गेला. अर्धे पाइप आत, अर्धे बाहेर. संतोषने इकडंतिकडं बघितलं.

"वो पाळक! धरा की हितं!"

दादा, एकाच हाकेत गेलो. चप्पल घोंगडीवरच राहिली. क्लॅम्पचा दांडा दोन्ही हातांनी धरला. सगळे पाइप त्याच्यावर लोंबत होते. इतकं जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तू सांगितलं होतंस, मी फक्त ऐकलं होतं.

"बोटं मागं घ्या," संतोष म्हणाला. "मिस्त्रींची असल्याच क्लॅम्पखाली चेचली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तेच सांगायचे. नव्या माणसाला पैली हीच गोष्ट. धरायला माणूस नसंल तर पाइपाला हात लावायचा न्हाई, थांबायचं."

"मग त्या दिवशी माणूस नव्हता म्हणे?"

"भाऊ व्हता म्हणायचे जवळच. पर त्याला काय आवाज गेला न्हाई."

चाळीस वर्षं, ज्यांनी मला कधी पाहिलं नाही अशा माणसांपुढंसुद्धा तू मला झाकत होतास. पाइप जरासा खाली सरकला, मी दांडा आवळला.

"गेला होता," मी म्हणालो. "मीच तो भाऊ. तिन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. मी उठलो नाही."

संतोष पाना तसाच धरून थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे. त्याने प्रार्थना केली नाही, दुःखात माणूस असं बोलतो असंही म्हणाला नाही. त्याला ते खरं वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "आता सोडू नका."

आणखी पाच पाइप जायचे होते. सोडलं नाही, दादा.